रूट गेलं? आधी मॅजिस्क उघडून बघ

एखादं ॲप म्हणतंय की फोनला रूट, म्हणजे अँड्रॉइडवरचा पूर्ण ताबा, नाही? घाईने फोनमधला सगळा डेटा पुसून टाकू नकोस. आधी मॅजिस्क, म्हणजे रूट देणारं आणि सांभाळणारं ॲप, उघड आणि ‘इन्स्टॉल्ड’समोर काय दिसतंय ते बघ. तिथे आवृत्तीचा आकडा असेल तर रूट जागेवर आहे, अडचण त्या एका ॲपची. बहुतेक वेळा परवानगीची खिडकी आली तेव्हा घाईत ‘नकार’ दाबलेला असतो. मॅजिस्कमधल्या सुपरयूझरच्या (रूट मागणाऱ्या ॲपच्या) यादीत जाऊन त्या ॲपचं बटण चालू कर, झालं.

‘एन/ए’ दिसत असेल तर मात्र पॅच केलेली इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी, मॅजिस्कने बदललेली फाइल, फोनमध्ये नाहीच. सिस्टीम अपडेट घेतलंस का? अपडेट ही फाइल (बूट इमेज) बदलतं, त्याबरोबर रूटही जातं. पुन्हा पॅच करताना इमेज तुझ्या आत्ताच्या बिल्ड नंबरचीच, म्हणजे सिस्टीमच्या नेमक्या त्याच आवृत्तीची हवी. मागच्या महिन्याची चालवलीस तर फोन सुरूच न होण्याची शक्यता असते, निदान वायफाय तरी रुसतं.

आणखी एक ठेच नव्यांना हमखास लागते. पिक्सेल ६ मध्ये ‘बूट’ इमेज पॅच करायची, पण पिक्सेल ७ पासून ‘इनिट_बूट’. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत रॅमडिस्क (फोन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, ज्यात मॅजिस्क शिरतं) तिथे हलवलाय. चुकीच्या विभागात इमेज फ्लॅश केलीस, म्हणजे लिहिलीस, की फास्टबूट (कॉम्प्युटरवरून इमेज लिहायचं साधन) ‘ओके’ म्हणतो आणि रूट मिळत नाही.

मॉड्यूल (मॅजिस्कमध्ये घालायची जोडणी) टाकल्यावर फोन लोगोवरच अडकला तर सेफ मोडमध्ये सुरू कर, मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं. आणि पॅच केलेली इमेज आत असताना बूटलोडर (फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) लॉक करायचा विचारही करू नकोस.