बऱ्हाणपूरला जाताय? मग किल्ला आधी नको, पाणी आधी बघा

प्रश्न : ताई, मी एफवायबीएला आहे, आमचं गाव सावद्याजवळ, घरची केळीची शेती. सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी बऱ्हाणपूरचा शाही किल्ला आणि आहुखाना बघून एका दिवसात परत यायचं म्हणतोय. बाबा म्हणतात, पडक्या भिंती बघायला कशाला मध्यप्रदेशात जाता, त्यापेक्षा अजिंठ्याला जा. तुम्ही सांगा, जावं का?

उत्तर : जा गं, नक्की जा! भिंती पडक्या आहेत हे बाबांचं खरंय, पण बऱ्हाणपूर काही परकं गाव नाही, फारुकी सुलतानांच्या वेळी आपल्या खानदेशची राजधानीच होती ती, १६०१ ला अकबराने असीरगड घेतला तोवर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्टेशनवरून थेट किल्ल्यावर गेले, अर्ध्या तासात फिरून झालं आणि खरं सांगते, काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा आधी गावाबाहेर कुंडी भंडारा, म्हणजे शहराला पाणी पुरवायची जुनी जमिनीखालची योजना, बघितला आणि मग किल्ला, तेव्हा डोळे उघडले. जहांगीरच्या काळात, १६१५ ला, अब्दुल रहीम खानखाना इथे असताना हे काम झालं, हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच हा रहीम. सातपुड्यातून जमिनीत झिरपणारं पाणी खालच्या खाली बोगद्यात गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहराकडे न्यायचं, ना मोटर ना लाइट. वर जमिनीवर शंभरेक कुंड्यांची रांग दिसते, विहिरीसारखी तोंडं. खाली उतरायला लिफ्ट आहे, चालू आहे का ते तिथे आधी विचारून घ्या.

मग किल्ल्यात आलात की हमामखान्यात, म्हणजे शाही स्नानगृहात, घाई करू नका. मधला हौद बघा आणि मान वर करून छताची रंगीत नक्षी बघा, एवढ्या वर्षांनीही रंग टिकलेत. गच्चीवरून खाली तापी दिसते, आणि मग लक्षात येतं की बादशहांनी राहायला हीच जागा का धरली.

आहुखाना नदीच्या पलीकडे, जैनाबादला, रिक्षा ठरवूनच जा. आहू म्हणजे फारसीत हरीण, ही शाही शिकारीची बाग. आज बाग अशी राहिलेली नाही, त्यामुळे फुलं-कारंजी डोक्यात धरून गेलात तर हिरमोड होईल. पण जून १६३१ ला मुमताजमहल बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली तेव्हा तिला आधी इथेच पुरलं होतं, डिसेंबरमध्ये आग्र्याला नेलं. अडतीस वर्षांची बाई, चौदा बाळंतपणं... ताजमहालाचे फोटो सगळेच बघतात गं, ही जागा बघायला कोणी येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तिथे जरा शांत बसा.

थंडीतच जा, सकाळची गाडी पकडा, पाण्याच्या बाटल्या आणि घरचा डबा न्या, कॉलेजचं आयडी ठेवा. परतताना मावा जिलेबी गरम मिळाली तर तिथेच खा, थोडी बाबांना बांधून आणा.

किंवा बाबांनाच सोबत न्या ना! आपल्याकडे रावेर-यावलला केळीसाठी बोअर दरवर्षी खोल खोल चाललेत आणि त्याच सातपुड्याचं पाणी चारशे वर्षांपूर्वी कसं आणलं होतं ते कुंडीच्या काठावर उभं राहून बघितलं की ते किल्ल्याला पण येतील, बघ.