डुलकी, पेंग की सुस्ती?

परळच्या एका रुग्णालयात झोपेच्या विकारांची प्रश्नावली मराठीत आणण्याचं काम चालू आहे. तिथल्या एका वाचक ताईंनी विचारलंय, दिवसा किती सहज झोप लागते ते मोजणाऱ्या एपवर्थ मापनपट्टीतल्या ‘डोझ’ (doze) या इंग्रजी शब्दाला पेंग म्हणावं, डुलकी की सुस्ती?

माझं मत डुलकीला, आणि तेही ‘लागणे’ या क्रियापदासकट. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली ही पट्टी काय वाटतं ते विचारत नाही, काय घडतं ते विचारते. वाचत बसणं, टीव्ही बघणं, दुपारी आडवं होणं असे आठ प्रसंग, डुलकी लागण्याची शक्यता किती त्यानुसार प्रत्येकाला ० ते ३ गुण, कमाल बेरीज २४. बेरीज दहाच्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर धरतात. नुसतं थकल्यासारखं वाटणं यात मोजायचं नाही, हे मूळ सूचनेतच आहे. म्हणजे सुस्ती आणि मरगळ बाद. पेंग जवळची, पण पेंग आली तरी माणूस जागा राहू शकतो.

क्रियापदाला मी शब्दाइतकंच जपेन. ‘डुलकी काढली’ म्हणजे ठरवून, ‘डुलकी लागली’ म्हणजे नकळत. डॉक्टरांना नकळत लागलेलीच हवी आहे. ‘काढता का?’ असं विचारलंत तर कामसू माणूस दुखावून ‘कधीच नाही’ म्हणेल आणि शून्य लिहून मोकळा होईल. तसंच मूळ इंग्रजीत डुलकीच्या ‘चान्स’बद्दल विचारलंय, त्याचं ‘संधी’ करू नका. ‘डुलकीची संधी’ म्हणजे सवड मिळणं. ‘शक्यता’च हवं. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचं परत इंग्रजीत उलट भाषांतर करून घेतलं की अशा चुका सापडतात.

गाडीचे दोन प्रसंग मुंबईत अडतात. एक तासभर न थांबता प्रवासी म्हणून जाण्याचा, दुसरा रहदारीत थांबलेल्या गाडीतला. विरारहून उभ्याने येणाऱ्याला ते परके वाटणार. तरी मोटारीच्या जागी परस्पर लोकल घालू नका. प्रसंग बदलला की दहाची सीमारेषा गृहीत धरता येत नाही, बदललेली पट्टी नव्याने पारखावी लागते. पेरूमध्ये गाडी न चालवणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती केली, ती अशी पारखूनच. शिवाय पट्टीवर स्वामित्वहक्क आहे, तेव्हा अधिकृत मराठी प्रत आहे का, ते आधी विचारा.

आणि छापण्याआधी दहा-बारा रुग्णांना, त्यात मालवणी आणि वऱ्हाडी बोलणारेही असू द्या, प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढंच विचारा.