'ख्रू' आणि 'टीचर'

तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. भौतिकशास्त्र घेऊन बीएससी, कोचिंग क्लासमध्ये तीन वर्षं शिकवलेलं, नुकतंच पूर्ण केलेलं १२० तासांचं ऑनलाइन टेफल सर्टिफिकेट, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचं. आणि तीन प्रश्न: परदेशात इंग्रजी शिकवायचं काम मिळेल का, त्यात पुढे करिअर आहे का, आणि निघण्याआधी उच्चार सुधारायचा क्लास लावू का. 'ताई' म्हणून लिहिलंस, म्हणून मीही सरळ अरे-तुरेवर येते. अकरा वर्षं झाली थायलंडमध्ये हेच करतेय. गोड लिहायचं ठरवलं तरी जमणार नाही.

तिसरा प्रश्न आधी उरकते. क्लास लावू नकोस. तुझा उच्चार कुणाच्या कानावर पडायच्या आत तुझा पासपोर्ट कुणाच्या तरी टेबलावर पोचलेला असतो. दक्षिण कोरियाचा ई-टू व्हिसा बघ. इंग्रजी शिकवण्यासाठी तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. घरात आफ्रिकान्स बोलणारा पण इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस त्यात बसतो. घरात मराठी बोलणारा आणि बालवाडीपासून इंग्रजी शाळेत शिकलेला बसत नाही. २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात सरकारी शाळांतल्या सहायक शिक्षकांसाठी एक फट ठेवली आहे, पण तीही शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्यांपुरती. चीनमध्ये साधारण हीच चाळणी. शिवाय जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांतून नफा कमवायला बंदी घातली आणि तो अख्खा धंदाच बसला. चिनी मुलांना ऑनलाइन शिकवून घर चालवणारी माझ्या ओळखीची दोन माणसं बघता बघता रिकामी झाली. परदेशी पदवीधरांना शाळांत इंग्रजी शिकवायला बोलावणारी जपानची सरकारी जेट योजना १९८७ पासून चालू आहे. एकेका वर्षाचा करार, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि बहुतेकांचं पद 'सहायक'. सहाव्या वर्षी तुमचं काय, हा प्रश्न तिच्या डोक्यातच नाही.

मग आपल्यासाठी उरतात थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया यांच्यासारखे देश. इथे काम मिळेल, म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. पण जाहिराती नीट वाच. बऱ्याच जाहिरातींत दोन आकडे उघड छापलेले असतात, एक एनईएससाठी आणि एक एनएनईएससाठी. नेटिव्ह आणि नॉन-नेटिव्ह. मी पहिल्या शाळेत लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या पोराला माझ्या दीडपटीहून जास्त पगार होता. तो पदवीला मार्केटिंग शिकलेला. पास्ट परफेक्ट कशाशी खातात हे मधल्या सुट्टीत मी त्याला समजावून सांगायचे आणि पुढच्या तासाला तो ते वर्गात शिकवायचा. पोरगा चांगला होता, त्याच्यावर राग नव्हता. मला मात्र इंग्रजी येतं हे दाखवायला टोइक नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. इंग्रजी साहित्यात एमए झालेली बाई, हेडफोन लावून, विमान किती वाजता सुटणार ते ऐकून गोल काळे करत बसली होती. आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

आता करिअरचं. या कामात पहिली नोकरी मिळणं सोपं, दुसरी त्याहून सोपी, आणि माणूस फसतो तो या सोपेपणातच. सहाव्या वर्षी शाळेने माझा करार वाढवला तेव्हा त्यातला आकडा तिसऱ्या वर्षीचाच होता. त्याच आठवड्यात रुजू झालेल्या, पहिल्यांदाच वर्गात उभ्या राहणाऱ्या मुलीचा करार मी सहज चाळला, तर आम्हा दोघींचा आकडा एकच. रात्रभर चिडले. सकाळी विचार केला, शाळेच्या जागी मी असते तर काय केलं असतं? दुसरीतल्या मुलांना रंगांची नावं आणि 'हाऊ आर यू' शिकवायला सहा वर्षांचा अनुभव कशाला हवा? त्या कामाला जेवढं लागतं तेवढंच ते देतात. आपण त्या कामात राहिलो, ही आपली गोष्ट.

पहिली दोन वर्षं मी एजन्सीमार्फत होते. शाळा एजन्सीला पैसे देते, एजन्सी आपला वाटा काढून उरलेलं आपल्याला देते, आणि काही बिनसलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. इथलं शालेय वर्ष मे ते मार्च. करार दहा महिन्यांचा, त्यामुळे मोठ्या सुट्टीत पगार बंद, घरभाडं चालू. पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, असले शब्द त्या करारात शोधायचे नाहीत.

वर्गातलं सांगते, कारण ते जाहिरातीत नसतं. सरकारी शाळेत माझ्याकडे आठवड्याला वीस वर्ग होते, प्रत्येकात पन्नासच्या आसपास मुलं, आणि प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदाच. म्हणजे जवळजवळ हजार मुलं. पन्नास मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट, तेही हजेरी घेतली नाही तर. त्यात कुणाची भाषा सुधारते? सुधारत नाही, आणि सुधारावी अशी कुणाची फारशी अपेक्षाही नसते. परदेशी शिक्षक दिसायला हवा. सकाळी फाटकाशी उभं राहून मुलांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, पालक गाडीतून बघतात. शाळेच्या पत्रकावर फोटो. त्या फोटोसाठीसुद्धा गोऱ्या चेहऱ्यांना पुढे आणि आम्हा दोघीतिघींना मागच्या रांगेत उभं करायचे, हे मला तिसऱ्या वर्षी लक्षात आलं. नापास कुणालाच करायचं नसतं. मी एकदा अकरा मुलांना नापास केलं, तर गुणपत्रक 'पुन्हा एकदा बघा' म्हणून परत आलं. दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा मी मुकाट्याने बघितलं.

एक गोष्ट मला अजून टोचते, तुला कदाचित क्षुल्लक वाटेल. थाई मुलं आपल्या शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात. आपल्या 'गुरू'चाच तो थाई अवतार, म्हणून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हरखून गेले होते. मग कळलं की आम्हाला तो शब्द नाही. आम्ही सगळे 'टीचर'. वर्गात माझ्या शेजारी उभी राहणारी थाई सहकारी 'ख्रू' आणि मी 'टीचर', सहा वर्षं. मुलांच्या मनात काही वाईट नसतं. पण तिच्याकडून गृहपाठ तपासून घ्यायचा आणि माझ्याकडून खेळ खेळून घ्यायचे, ही वाटणी त्या दोन शब्दांत बरोबर बसली होती.

आणि हो, तुझं स्वतःचं इंग्रजी उतरणीला लागेल. दिवसभर तोडून तोडून, क्रियापदं गाळून बोलायचं, 'यू फिनिश? गुड!' करायचं. चौथ्या वर्षी माझा भाऊ फोनवर म्हणाला, तू माझ्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखी का बोलतेस? तेव्हापासून रोज रात्री काहीतरी अवघड वाचायचं असा नेम केला, आणि तो पाळतेही.

म्हणजे पुढे वाटच नाही का? आहे, पण ती वर्गात नुसती वर्षं काढून सापडत नाही. मध्येच थांबून, पैसे घालून, पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. पहिलं म्हणजे तुझ्या त्या ऑनलाइन सर्टिफिकेटचा भरवसा सोड. व्हिएतनामसारख्या ठिकाणी वर्क परमिटच्या कागदांत पदवीबरोबर असं प्रमाणपत्र लागतं, तेवढ्यापुरतं ते चालून जाईल. पण त्यात एकाही खऱ्या विद्यार्थ्यासमोर तू उभा राहिलेला नाहीस. इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स, सेल्टा, हाही १२० तासांचाच असतो, फरक असा की त्यातले सहा तास तुला खऱ्या, प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं आणि मागे कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. मी पाच वर्षं शिकवून झाल्यावर तो केला. पहिल्याच तासानंतर परीक्षक बाईंनी सांगितलं, ४५ मिनिटांपैकी ३० मिनिटं तूच बोलत होतीस. पाच वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मागे बसून बघण्याइतकं कुणाला माझ्या शिकवण्याशी देणंघेणं नव्हतं.

सेल्टानंतर भाषा संस्थांमध्ये थोडी चढण आहे: वरिष्ठ शिक्षक, मग डेल्टा, म्हणजे सेल्टाच्या पुढचा कोर्स, करून अभ्यासक्रम प्रमुख किंवा शिक्षकांचा प्रशिक्षक. एका संस्थेत अशी जागा एखादीच असते आणि तिच्यावर बसलेला माणूस सहसा हलत नाही. विद्यापीठात शिकवायचं तर भाषाशिक्षणातली एमए बहुतेक ठिकाणी किमान अट, आणि तिथेही करार मुदतीचेच. मला तारलं ते तिसऱ्या वाटेने. शिक्षणशास्त्राची पदविका केली, शिक्षकाचा परवाना काढला आणि आंतरराष्ट्रीय शाळेत इंग्रजी विषयाची शिक्षिका म्हणून लागले. चार वर्षं झाली. पगार बारा महिन्यांचा, विमा शाळेचा, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी नापास करू शकते, करते. ब्रिटिश विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचं शिक्षणशास्त्राचं प्रमाणपत्र, हा पुष्कळांचा आवडता पर्याय आहे, पण ती केली की इंग्लंडमधली अधिकृत शिक्षकपात्रता, म्हणजे क्यूटीएस, आपोआप मिळते असं समजू नकोस. मिळत नाही. पैसे भरल्यावर हे कळलेले लोक मी पाहिलेत.

पण अरे, हे सगळं मी इंग्रजीच्या शिक्षकाला सांगतेय, आणि तू तर भौतिकशास्त्राचा! निरोप वाचताना मी इथेच कपाळावर हात मारला. थायलंडमध्ये बऱ्याच मोठ्या शाळांत 'इंग्लिश प्रोग्राम' असतो, म्हणजे गणित, विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं. तिथे शाळेला न्यूटनचे नियम समजावून सांगू शकणारा माणूस हवा असतो, आणि असा माणूस मिळवताना त्यांच्या नाकी नऊ येतात. पासपोर्टचा प्रश्न तिथे एकदम मवाळ होतो. आमच्या शाळेत विज्ञान आणि गणित विभागात सहाजण आपल्याकडचे आहेत, इंग्रजी विभागात मी एकटी. तुला जे चांगलं येतं ते कपाटात ठेवून, ज्यात तुझ्या नावापुढे कायम 'नॉन' लागणार आहे त्या रांगेत कशाला उभा राहतोस? बीएड केलेलं नसेल तर करून ये. दोन वर्षं गेली असं वाटेल, पण इथे येऊन दर दोन वर्षांनी तात्पुरत्या परवानगीसाठी शिक्षक परिषदेच्या दारात उभं राहण्यापेक्षा ती स्वस्त पडतील. परदेशातला इंग्रजीचा वर्गच खुणावत असेल, नुसतं जग बघायचं असेल, तर वर्ष-दोन वर्षांसाठी जरूर ये. माझं पहिलं वर्ष मजेत गेलं होतं, हे खोटं कशाला बोलू. फक्त परतीची तारीख आधी ठरव.

व्हिसाबद्दल एकच, पण ते पक्कं लक्षात ठेव. 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू' असं कुणी म्हणालं की फोन ठेवून दे. थायलंडमध्ये नॉन-बी, म्हणजे कामासाठीचा, व्हिसा आणि वर्क परमिट असल्याशिवाय वर्गात उभं राहणं बेकायदा आहे, आणि पकडला गेलास तर दंड तू भरतोस, पोलीस ठाण्यात तू बसतोस. एजंटाचा फोन बंद असतो. आणि परमिट मालकाशी बांधलेलं असतं. नोकरी सुटली की देशात राहायचं कारणच संपतं, म्हणून भांडण करायच्या आधी दुसरी शाळा हातात ठेवावी लागते. माझी एक मैत्रीण तीन महिने थकलेला पगार मागायला गेली आणि त्याच दुपारी परमिट रद्द करायचा कागद घेऊन बाहेर आली.

कागदपत्रांचं काम आजपासून सुरू कर, नोकरी ठरेपर्यंत थांबू नकोस. पदवीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, पोलिसांचा दाखला. कुठल्या देशाला नुसतं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या सरकारचा शिक्का, पुरतं आणि कुठल्या देशाला दूतावासाचाही शिक्का लागतो, ते आधी बघ. आपण २००५ पासून अपोस्टिल करारात आहोत, कोरिया २००७ पासून, चीन नोव्हेंबर २०२३ पासून. आणि शिक्के मारायला देण्याआधी पासपोर्ट आणि पदवी शेजारी शेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर ताडून बघ. माझ्या पदवीवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता. त्या एका 'ए'ने माझे सात आठवडे खाल्ले आणि तोवर ती शाळा दुसऱ्याला मिळाली होती.