कॅम्पसवर झाडाखाली बसून खरंच फरक पडतो का?

प्रश्न: ताई, मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर राहतो. सबमिशन, राहिलेले विषय, घरचं टेन्शन सगळं एकदम अंगावर येतं आणि वाचलेलं डोक्यात शिरतच नाही. सर म्हणतात झाडाखाली बसत जा. लॉनवर तर 'आत जाऊ नये' असा बोर्ड आहे. खरंच फरक पडतो का, की नुसतं बोलायचं म्हणून बोलतात?

उत्तर: पडतो रे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, 2008 ला छापून आला. त्यांना एकदा झाडीतून आणि एकदा गर्दीच्या रस्त्यानं पाऊण-एक तास चालायला लावलं आणि आल्यावर ऐकलेले आकडे उलटे म्हणायला सांगितले, तर झाडीतून आल्यावर जास्त जमले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्या पोरांना मजा आली नव्हती तरी फरक दिसलाच, म्हणजे मूड लागायची वाट बघत बसू नकोस.

कारण असं सांगतात की अभ्यासात लक्ष जबरदस्तीनं धरून ठेवावं लागतं आणि तेच थकतं, पानं हलतात, साळुंक्या भांडतात तिकडं मात्र ते आपोआप जातं आणि तेवढ्यात थकलेल्याला विसावा मिळतो. म्हणून मोबाईल खिशातच ठेव, रील बघत बसलास तर काय उपयोग?

लॉनचं सोड. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, दुपारी त्या लॉनवर कोण बसणार? सोलापूरला सावली पाहिजे, कडुनिंबाची, करंजाची. सकाळी लेक्चरच्या आधी अर्धा तास कॅम्पसवरच्या निंबाखाली बस नाहीतर चक्कर मार, रविवारी मित्राला घेऊन संभाजी तलावावर जा. आणि प्रिन्सिपल सरांना तुम्ही पोरांनी मिळून अर्ज द्या की झाडाखाली चार बाकडी टाका आणि यंदा एनएसएसच्या वृक्षारोपणात सावलीची झाडं लावा, फोटो काढून झाल्यावर पाणी कोण घालणार तेही त्यात लिहा.

पण एक नीट ऐक. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं काही असेल तर झाडावर भागवू नकोस, हॉस्टेलमध्ये कुणाला तरी सांग आणि 14416 ला फोन लाव, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री दोनलासुद्धा चालू असते.