कोरियाचं 'विलीनीकरण' की कोरिया 'खालसा'?

प्रश्न असा आला आहे की स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये "१९१० साली कोरियाचे जपानमध्ये विलीनीकरण झाले" असं वाक्य आहे, ते मराठी म्हणून बरोबर आहे का, की दुसरा काही शब्द हवा.

माझं मत आधीच सांगते, हे वाक्य व्याकरणात बसतं पण अर्थात बसत नाही. मराठीत विलीनीकरण म्हटलं की पहिल्यांदा संस्थानं आठवतात, कोल्हापूर, सांगली, औंध, म्हणजे संस्थानिकाने सही केली, त्याला तनखा मिळाला, आणि प्रजेलाही बहुतेक ठिकाणी तेच हवं होतं. शिवाय 'विलीन होणे' हे आपलं आपण होतं, करणारा कोण ते वाक्यात सांगावंच लागत नाही. "झाले" म्हटलं की विषय संपला. कोरियात करणारा होता, आणि त्याला नेमका असाच शब्द हवा होता.

ही गोष्ट खरंच घडलेली आहे. १९०९ साली जपानच्या परराष्ट्र खात्यात कुराची तेत्सुकिची नावाचे अधिकारी होते, कोरियाबद्दलच्या धोरणाचा मसुदा त्यांच्याकडे होता. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की शब्द निवडताना बराच विचार करावा लागला. 'गाप्पो' म्हणजे दोन देश एकत्र येणं, हा शब्द चालू होता पण त्यात बरोबरीचा वास येत होता, आणि कोरियातल्या इल्जिन्होए या जपानधार्जिण्या संघटनेने तसलंच काहीतरी मागितलंही होतं. 'हेइदोन' म्हणजे सरळ गिळंकृत करणं, तो फार उघडा. मग त्यांनी 'हेइगो' हा शब्द घेतला, ज्यातून कोरिया हे राज्य पूर्ण संपून जपानचा भाग होतं हे कळेल पण कानाला टोचणार नाही. सरकारी कागदांत तोच रुळला. आपण विलीनीकरण लिहितो तेव्हा त्या मसुद्याचं काम आपण मराठीत पुढे नेतो, आणि मला हे खटकतं.

मग शब्द कोणता? माझ्या मते 'खालसा करणे'. सातारा १८४८ला खालसा झाला, नागपूर १८५४ला, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तो शब्द कानावर पडला की कोणी कोणाचं काय घेतलं हे लगेच समजतं. मुळात खालसा हा महसुलाचा शब्द, जहागीर नसलेली, जिचा वसूल थेट सरकारात जातो ती जमीन. कोणी म्हणेल की सातारा नागपूरला दत्तक वारस नाकारून घेतलं, कोरियात तर राजा जिवंत होता. बरोबर, पण १८५६ला अयोध्येचा नवाबही जिवंत होता आणि त्याने तर तहावर सही करायला नकार दिला, तरी आपण अयोध्या खालसा केली असंच म्हणतो. म्हणजे शब्द तेवढा रुंद आहे.

आणि आधीच्या पायऱ्याही आपल्याला ओळखीच्या वाटाव्यात अशा आहेत. १८७६चा गांघ्वाचा तह, ज्यात जपानने स्वतःवर पाश्चात्त्यांनी लादलेल्या असमान तहांसारखाच तह कोरियावर लादला, आणि गंमत नाही, त्याचं पहिलंच कलम कोरिया स्वतंत्र आहे असं म्हणतं (म्हणजे चीनपासून). रशियाशी युद्ध जिंकल्यावर नोव्हेंबर १९०५ मध्ये परराष्ट्र व्यवहार काढून घेतले आणि सोलमध्ये रेसिडेंट जनरल बसवला, पहिला इतो हिरोबुमी. तैनाती फौज आणि रेसिडेंट माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. १९०७ला कोरियाचा सम्राट गोजोंगने हेगच्या आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेला माणसं पाठवून दाद मागितली तर त्यालाच गादी सोडायला लावली आणि कोरियाचं सैन्यही मोडलं. २२ ऑगस्ट १९१०ला कोरियाचे पंतप्रधान यी वान-योंग आणि जपानचे तेव्हाचे रेसिडेंट जनरल तेराउची मासाताके यांनी सह्या केल्या, २९ला जाहीर झालं. तहाच्या पहिल्या कलमात कोरियाचा सम्राट सगळं सार्वभौमत्व कायमचं जपानच्या सम्राटाला देतो असं लिहिलंय, "देतो"! कोरियन लोक २९ ऑगस्टला राष्ट्रीय अपमानाचा दिवस म्हणतात.

विलीनीकरण हा शब्द मेइजी जपानच्या (म्हणजे १८६८ ते १९१२ या काळातल्या) इतिहासात अजिबात चालणार नाही असंही नाही. १८७१ला अडीचशेच्या वर सरदारांची 'हान' म्हणजे संस्थानं मोडून प्रांत केले, सरदारांना उत्पन्न बांधून दिलं, पुढे उमरावांच्या पदव्या दिल्या, तिथे विलीनीकरण अगदी चपखल. पण रयुक्यू म्हणजे आजचं ओकिनावा तिथे नाही. ते वेगळं राज्य होतं, त्याला १८७२ला कागदावर 'हान' केलं आणि १८७९ला पोलीस आणि सैनिक पाठवून ते 'हान' रद्द केलं, राजा शो ताईला तोक्योला नेलं. याला जपानीत 'रयुक्यू शोबुन' म्हणतात आणि शोबुनला मराठीत 'विल्हेवाट' हाच शब्द आहे, तोच वापरा, बिनधास्त.

कोणी म्हणेल शब्दांनी एवढा काय फरक पडतो, तर १९६५ला जपान आणि दक्षिण कोरियाने संबंध सुरू केले तेव्हा जुने तह "आधीच रद्दबातल आहेत" अशा शब्दांवर तडजोड झाली, जपानने वाचलं की तेव्हा वैध होते नंतर संपले, कोरियाने वाचलं की मुळातच अवैध होते, आणि ते भांडण अजून चालू आहे.

तेव्हा नोट्समध्ये "१९१० साली जपानने कोरिया खालसा केला" असं लिहा. विलीनीकरण लिहायचंच असेल तर अवतरणात, जपान सरकारचा शब्द म्हणून. तैवानला मात्र खालसा नको, कारण १८९५च्या शिमोनोसेकीच्या तहात तो चीनकडून घेतला, पण नुसतं "तहात मिळाला" पण लिहू नका, तिथल्या लोकांशी जपानी सैन्याला काही महिने लढावं लागलं, म्हणून "तहाने घेतला आणि लढून ताब्यात आणला" असं पूर्ण लिहा.