घर दिवाडीला, कुलर नागपुरातच

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी आणि चोडण या बेटांवर घर घ्यावं का, अशी विचारणा नागपूरकडून वाढली आहे. आलेल्या प्रश्नांतले सहा या वेळी घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत, फक्त वस्ती दिली आहे.

डिसेंबरात दिवाडीला एक जुनं पोर्तुगीज धाटणीचं घर पाहिलं. फॉर्म १ आणि १४ वर विकणाऱ्याचंच नाव आहे. आपल्याकडे सातबारा पाहतो तसं तेवढं पाहून इसार द्यावा का? (धरमपेठ)

देऊ नका. फॉर्म १ आणि १४ हा गोव्याचा सातबारा आहे, आणि सातबाऱ्यासारखाच तो महसुली नोंदीचा कागद आहे. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गोव्यात मालकीची खरी मेख वारसाहक्कात असते. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्तेत नवरा-बायको दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. त्यामुळे नाव एकट्या नवऱ्याचं असलं तरी बायकोच्या सहीशिवाय स्थावर विकता येत नाही. विकणारे तीन भाऊ असतील तर सह्या सहा लागतील, हे धरूनच चाला.

आजोबांच्या नावावरचं घर असेल तर दोनपैकी एक कागद मागा: न्यायालयातल्या इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या प्रकरणाचा, अंतिम आदेश किंवा स्पेशल नोटरीपुढे झालेला उत्तराधिकाराचा दस्त. दस्तावरून वारस कोण ते कळतं, पण कुणाच्या वाट्याला काय आलं ते कळत नाही. म्हणून नुसता दस्त असेल तर खरेदीखतावर झाडून सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या घ्या. एकाच हिश्शाची खरेदी कितीही स्वस्त पडत असली तरी तिच्या वाटेला जाऊ नका. ती जागा आधी विकत घेण्याचा हक्क बाकीच्या हिस्सेदारांना असतो आणि तो हक्क घेऊन ते कोर्टात उभे राहू शकतात.

आता फॉर्म १ आणि १४ चा खालचा भाग वाचा. कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का? मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा माणूस. १९७५ च्या कायद्याने त्याला हुसकावता येत नाही, उलट घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळतो. परसात, आंब्याखाली एखादी कौलारू खोली दिसली आणि मालक 'ते आमचे जुने गडी' म्हणाला, तर आधी मामलेदार कार्यालयात मुंडकारांची नोंदवही पाहून या.

१९६१ पूर्वीची नोंद पोर्तुगीज भाषेत मिळते. तिच्यातल्या मालमत्तेच्या वर्णनाचा क्रमांक आणि आजचा सर्व्हे नंबर एकाच जागेचे आहेत, हे वकिलाकडून लेखी घ्या. वकील गोव्यातलाच हवा. नागपुरातला तुमचा वकील कितीही हुशार असला तरी त्याचा हा रोजचा विषय नाही. गावाच्या नावाकडेही बारकाईने पाहा. नार्वे एक दिवाडीवर आहे आणि दुसरं नदीपलीकडे डिचोली तालुक्यात. सप्तकोटेश्वराचं मूळ ठाणं बेटावरच्या नार्व्याचं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ डिचोलीतल्या नार्व्याला आहे. दस्तावर तालुका तिसवाडीच लिहिलाय ना, ते पाहा.

पैसे देतानाची एक गोष्ट. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. पण विकणारा किंवा त्याचा एखादा भाऊ लिस्बनला, लंडनला स्थायिक असेल तर त्याच्या वाट्याला हा १ टक्क्याचा नियम लागू नाही. तिथे दर बराच जास्त आहे आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. कापायचं राहिलं तर आयकर खातं तुम्हाला धरतं, त्याला नाही. इसारपावतीआधीच प्रत्येक सही करणाऱ्याचं निवासी की अनिवासी हे लिहून घ्या.

एजंट सांगून राहिला की आता लवकरच पूल होते, भाव दुप्पट होते, नदीकाठचा प्लॉट आत्ताच घेऊन टाका. घ्यावा का? (मानेवाडा)

जो पूल उभा नाही त्याचे पैसे देऊ नका. आज फेरीबोट आहे, तर फेरीबोटीच्या गावाचाच भाव द्या.

प्लॉटचा मुद्दा त्याहून मोठा आहे. मांडवीत इथपर्यंत भरतीचं खारं पाणी येतं, म्हणून नदीकाठाला किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदी-खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा त्यात येतो. खारफुटी १,००० चौरस मीटरहून जास्त पसरलेली असेल तर तिच्याभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो. 'नदीकाठचा' म्हणून जो प्लॉट जास्त भावात सांगतात, त्यावर बांधकाम होईलच असं नाही.

दुसरी जात खाजन जमिनीची. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही शेतं मातीचे बांध घालून राखलेली असतात. पाणी आत-बाहेर सोडायला बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. बांध फुटला आणि कुणी दुरुस्त केला नाही की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातो आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. कागदावर शेत, प्रत्यक्षात चिखलाचं रान. खाजनात घरबांधणीला परवानगी नाही. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन आलं आहे, तेव्हा 'आधी घ्या, मग एनए करू' हा आपल्याकडचा हिशोब तिथे नेऊ नका.

मागायचे कागद तीन: नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला, जमीन बिगरशेती केल्याची सनद आणि भरतीरेषा दाखवलेला सर्व्हे नकाशा. यातला एक जरी 'येऊन राहिला' असेल, तर तो येईस्तोवर थांबा.

जुन्या घराची पाहणी कशी करायची? इंजिनिअर नेणारच आहे, पण स्वतःला काय दिसू शकतं? (खामला)

बरंच काही दिसू शकतं. फक्त जानेवारीत जाऊ नका. जानेवारीत दिवाडीवरचं प्रत्येक घर कोरडं, रंगवलेलं आणि सुंदर असतं. एक फेरी मे अखेरीस मारा आणि दुसरी जुलैत, पाऊस कोसळत असताना. नागपुरात वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात त्याच्या जवळपास तिप्पट.

आधी छप्पर. मंगळुरी कौलं फुटली तर बदलता येतात, एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात. खर्च खालच्या लाकडाचा असतो. वाशाचं जे टोक भिंतीत शिरतं ते सर्वांत आधी कुजतं, कारण तिथे ओल येते आणि वारा पोचत नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवा आणि त्या टोकाला दाबून पाहा. पक्क्या लाकडात टोक जेमतेम रुततं. सहज आत गेलं आणि बाहेर काढल्यावर भुगा सांडला, तर तो वासा गेला. शेजारचे दोनही तपासा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. नळी फोडून आत पांढरी वाळवी चालते की कोरडी पडलीय, ते पाहा.

मग भिंती. जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतात आणि त्यांना चुन्याचा गिलावा असतो. चिरा जमिनीतली ओल वर खेचतो आणि चुन्यातून ती बाहेर पडून वाळते. पुढे कुणीतरी 'मजबुती' म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवतो. ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि तीन-चार फुटांवर रंगाचे पापुद्रे सुटून खाली पांढरी खारट पूड पडायला लागते. विकायच्या आधी त्यावर ताजा रंग मारलेला असतो. म्हणून कपाटामागे, जिन्याखाली हात फिरवून पाहा, तिथे सहसा कुणी रंग मारत नाही.

वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर देऊन हे सुटत नाही. सिमेंट ओलीच्या रेषेच्या निदान फूटभर वरपर्यंत खरवडून काढायचं, भिंत पूर्ण हिवाळा उघडी सुकू द्यायची आणि मग चुना १, वाळू ३ या प्रमाणात साधारण १० ते १२ मिलिमीटरचे थर द्यायचे. प्रत्येक थर आठवडाभर ओलसर ठेवायचा आणि वरून चुन्याचाच हात मारायचा. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा, पावसाळ्यात चुना वाळत नाही. बाहेरची माती जोत्याला टेकून वर आली असेल तर ती आधी खणून खाली न्या, नाहीतर आतलं सगळं काम वाया जातं.

शेवटी टेप घेऊन जोत्याचं माप काढा आणि सर्व्हे नकाशावरच्या घराच्या आकृतीशी ताडून पाहा. सीआरझेड पट्ट्यातल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण आहे त्या जोत्यात. मागचं स्वयंपाकघर नंतर वाढवलेलं असेल तर तेवढ्याचे पैसे देऊ नका. पंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती हा बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नाही.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या तावदानांच्या चौकटी असतील तर त्या उपटून स्लायडिंग बसवू नका. उन्हाचा उजेड त्यांतून दुधासारखा येतो, आणि तशा चौकटी नव्याने करणारे कारागीर आता थोडेच उरलेत.

इथला कुलर तिकडे चालते का? नवाच घेतलाय. (वर्धमाननगर)

नाही चालत. कुलर पाण्याचं बाष्प करून हवा थंड करतो, त्याला कोरडी हवा लागते. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा खसाच्या टाट्यांतून येणारी हवा १५ अंशांनी उतरू शकते. दिवाडीला ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर उतार फार तर तीन-चार अंशांचा, वर खोलीत दमटपणा भरतो आणि गादीला बुरशी लागते. कुलर मुलाला द्या. तिकडे पंखे, समोरासमोरच्या खिडक्या आणि झोपायच्या खोलीत एसी.

निवृत्तीनंतर ८० वर्षांच्या आईला घेऊन कायमचं राहायचं आहे. पाणी, दवाखाना, फेरीबोट कसं जमेल? (त्रिमूर्तीनगर)

आई सोबत असेल तर दिवाडीपेक्षा चोडणचा विचार आधी करा. दिवाडीला जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटी लागतात, पण सगळ्या बोटीच. चोडणला फेरीबोटीशिवाय मये गावाकडून रस्त्यानेही जाता येतं. रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर लांबचा का होईना, रस्ता असावा. मोठं सरकारी रुग्णालय बांबोळीला आहे, रुग्णवाहिकेचा नंबर आपल्यासारखाच १०८. जेटीवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा: शेवटची बोट, पहिली बोट आणि मधे किती तास काही नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराचा उत्सव असतो, त्या दिवशी गाडी घेऊन बाहेर पडायचा बेत ठेवू नका.

पाण्याचं म्हणाल तर नळ आहे, पण विहीर तपासल्याशिवाय घर घेऊ नका. मे अखेरीस विहिरीतलं गोडं पाणी खाली जातं आणि खारं आत सरकतं, तेव्हाचाच नमुना घ्या. पंप दहा मिनिटं चालवून मग लिटरभराची स्वच्छ बाटली काठोकाठ भरा आणि प्रयोगशाळेत टीडीएस (इथे कर नव्हे, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) नि क्लोराइड विचारा. पिण्यासाठी चांगली पातळी टीडीएस ५०० आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २,००० आणि १,००० पर्यंत मुभा आहे, पण तेवढ्या पाण्याचा चहा आईला आवडणार नाही. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर तरी लांब हवा. जुलैच्या फेरीत त्याचं झाकण उचलायला लावा. पाणी जमिनीच्या पातळीला आलेलं दिसलं तर पावसाळ्यात संडास तुंबणार.

विकत घेण्याआधी जून ते सप्टेंबर भाड्याने राहून पाहा. मालक अकरा महिन्यांचा करार मागेल, तोही करा. घर घेऊन पस्तावण्यापेक्षा ते भाडं स्वस्त पडेल.

दिवाडी ठरलं आहे. नागपूरहून सामान कसं न्यावं? आणि लक्षद्वीपला घर मिळतं का, हेही सांगा. (सीताबर्डी)

लक्षद्वीपचं आधी. तिथे जायलाच परवाना लागतो, आणि मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडत असल्याने त्यांची जमीन प्रशासनाच्या परवानगीशिवाय बाहेरच्याकडे जात नाही. तो विषय सोडा.

सामानाचा मोठा ट्रक फेरीबोटीवर चढेल असं धरू नका. जुन्या गोव्याच्या बाजूला माल छोट्या टेम्पोत काढून दोन-तीन फेऱ्यांत न्यायचा, आणि पॅकर्सच्या कोटेशनमध्ये हे चढ-उतार आधीच लिहून घ्यायचं. नाहीतर भाडं जेटीवर उभं राहून ठरतं. ओहोटीला जेटीचा उतार तीव्र होतो, खाली बसकी गाडी घासते, म्हणून टेम्पो भरतीच्या वेळी लावा. सागवानी पलंग न्या, देव्हारा न्या. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं वॉर्डरोब नेऊ नका, पहिल्याच पावसाळ्यात त्याचे दरवाजे फुगून बसतात. लोखंडी कपाट न्यायचंच असेल तर खालून लाकडी ठोकळे द्या आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.