विधी बदलायचे असतील तर

लग्नाचे विधी आपल्या विचारांप्रमाणे बदलण्याची तुमची इच्छा योग्यच आहे. मात्र सुरुवात पत्रिकेपासून किंवा सजावटीपासून न करता गुरुजींपासून करावी. बहुतेक जोडपी इथेच चुकतात आणि कन्यादान वगळायचे आहे, हे ऐन मांडवात सांगतात. महिना-दोन महिने आधी दोघांनी त्यांच्यासमोर बसून प्रत्येक मंत्राचा अर्थ समजून घ्यावा, कारण अर्थ कळल्यावर जे टाकायचे ठरवलेले असते, त्यातले काही ठेवावेसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

सप्तपदीला मात्र घाईने कात्री लावू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार, विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. वचने मराठीत म्हणा, दोघांनीही घ्या. पावले सातच ठेवा. विधी अजिबात नको असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. (पुरोहिताशिवाय लग्न ही नवी कल्पना नव्हे, पहिला सत्यशोधक विवाह १८७३ मध्येच झाला.)

एवढे ठरले की दोन-तीनच बदल निवडा आणि ते आई-वडिलांना तुम्ही स्वतः सांगा, मावशी-आत्यांकरवी नव्हे. मामांना अंतरपाटाशी उभे राहायचे असते. तो मान काढून घेऊ नका.